प्रेरीतला सरळ रस्ता मध्येच का वळतो? (कॅनडाची सरकारी जमीन मोजणी)

मेरिडियन

कॅनडाच्या प्रेरीतल्या (गवताळ मैदानातल्या) सॅस्केचवान किंवा अल्बर्टा प्रांताचा उपग्रह नकाशा उघडा. उत्तर-दक्षिण जाणारा कुठलाही ग्रामीण रस्ता धरा आणि वर सरकत जा. रस्ता दोरीत असतो. मग अचानक काटकोनात डावीकडे वळतो, कुठे दोनशे फूट, कुठे पार अर्धा मैल पश्चिमेला जातो, आणि पुन्हा काटकोनात उत्तरेला लागतो. मध्ये ना नदी, ना टेकडी, ना कुणाचं देऊळ. साधारण चोवीस मैलांनी पुन्हा तेच.

या वळणाचं मूळ १८७१ साली सुरू झालेल्या सरकारी मोजणीत आहे. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीकडून कॅनडाने पश्चिमेचा अफाट मुलूख ३ लाख पौंडांना घेतला. ताबा १५ जुलै १८७० ला मिळाला. तिथे शेतकरी वसवायचे तर आधी वाटायला तुकडे हवेत. म्हणून माणूस यायच्या आधी जमिनीवर चौकटी पाडल्या.

चौकट अशी: ६ मैल बाय ६ मैलांची टाउनशिप. तिच्यात ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. सेक्शनचे चार क्वार्टर, म्हणजे १६० एकर, आणि हाच एका कुटुंबाला द्यायचा तुकडा. १८७२ च्या कायद्याने १० डॉलर फी भरायची, तीन वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, मग मालकी नावावर.

सेक्शनचे नंबर आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात. १ ते ६ पश्चिमेकडे, मग ६ च्या डोक्यावर ७ आणि तिथून उलट पूर्वेकडे १२. नांगरताना बैल वळतात तसं. ३६ नंबर ईशान्य कोपऱ्यात येतो. (अमेरिकेत हीच नागमोड ईशान्येकडून सुरू होते. दोन्हीकडचे कागद एकत्र वाचणारे इथे हमखास फसतात.)

टाउनशिप मोजायच्या ४९ अक्षांशापासून (अमेरिकेच्या सीमेपासून) उत्तरेकडे. रेंज, म्हणजे टाउनशिपांचे उभे पट्टे, मोजायच्या मेरिडियनपासून (ठरवलेल्या उत्तर-दक्षिण रेषेपासून) पश्चिमेकडे. मुख्य मेरिडियन विनिपेगच्या जरा पश्चिमेला, दुसरा १०२ अंशांवर, आणि मग दर चार अंशांनी एक: १०६, ११०, ११४, ११८, १२२. अल्बर्टा-सॅस्केचवानची सीमा म्हणजे चौथा मेरिडियन, आणि पाचवा कॅल्गरीतून जातो.

म्हणून 'वायव्य १४-२०-५ पश्चिम ४' एवढा पत्ता पुरतो: चौथ्या मेरिडियनच्या पश्चिमेला पाचवी रेंज, विसावी टाउनशिप, तिच्यातला १४ वा सेक्शन, त्याचा वायव्य क्वार्टर. नकाशा न बघता सांगता येतं की ही जागा अमेरिकेच्या सीमेपासून सुमारे ११५ मैल वर आहे.

आता वळण. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेला जाणाऱ्या दोन रेषा जवळ येत जातात. सहा मैल अंतरावरच्या दोन रेषा ४९ अंशांवरून बारा मैल उत्तरेला नेल्या की त्यांच्यातलं अंतर ११० ते ११५ फुटांनी कमी होतं. ही तूट मुरवायला दर चार टाउनशिपांवर बेसलाइन आखली. बेसलाइनवर रेंज पूर्ण रुंदीची. तिथून दोन टाउनशिपा वर आणि दोन खाली रेषा ओढायच्या. खालच्या बेसलाइनवरून वर आलेल्या रेषा आकसलेल्या, वरच्या बेसलाइनवरून खाली आलेल्या फाकलेल्या. दोन्ही जिथे भेटतात ती करेक्शन लाइन, आणि तिथे त्या जुळत नाहीत. एका रेंजमागे सव्वादोनशे फुटांचा फरक, आणि मेरिडियनपासून जितकं पश्चिमेला जावं तितका तो साचत जातो. पाचव्या रेंजच्या कडेला हजार-अकराशे फूट. रस्ता रेषेवरून चालतो, म्हणून वळतो.

---

टिपणवाला

मस्त धागा. जमीन मोजायच्या साखळीबद्दल लिहायचं राहिलं, ते जोडतो.

तिकडची गंटर साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. ८० साखळ्या म्हणजे एक मैल आणि १० चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आपली शंकुसाखळी तिच्या बरोबर निम्मी, ३३ फूट, आणि तिचे १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तो आपला गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर इतका नेमका बसतो तो या निम्मेपणामुळे. शंकुसाखळीच्या टिपणावर (मोजणीच्या जुन्या नोंदीवर) 'साखळी-आणे' वाचणाऱ्याला प्रेरीची फील्डबुकं (मोजणीदारांच्या वह्या) अर्ध्या तासात लागतील.

एक प्रश्न. बेसलाइन पूर्व-पश्चिम शेकडो मैल नेली ती कशाच्या आधारावर? होकायंत्रावर तर नक्कीच नाही.

---

मेरिडियन

होकायंत्रावर नाहीच. चुंबकसुई जागेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे सरकते. दिशा घेतली ती ध्रुवताऱ्यावरून.

त्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सव्वा अंशाहून जास्त दूर होता. ४९ अक्षांशावर त्यामुळे तो ध्रुवाच्या दोन्ही बाजूंना दोन अंशांहून अधिक सरकलेला दिसे. नुसता 'तारा दिसला, उत्तर मिळाली' असं करून चालत नाही. तो पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या टोकाला पोचला की काही मिनिटं त्याची आडवी हालचाल थांबल्यासारखी होते, फक्त वर किंवा खाली जातो. तेव्हा थिओडोलाइटची (कोन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राची) उभी तार त्याच्यावर बसवायची, दुर्बीण खाली आणून दूर ठेवलेल्या कंदिलावर खूण करायची, आणि कोष्टकातला कोन दिवसा वजा करायचा. दुर्बीण उलटवून दुसरं वाचन घेतलं नाही तर यंत्राची चूक थेट रेषेत उतरते.

पूर्व-पश्चिम रेषेत आणखी मेख आहे. उत्तरेशी काटकोन करून सरळ पश्चिमेला निघालात तर तुम्ही अक्षांशावर राहत नाही, दक्षिणेला घसरता. एका टाउनशिपच्या रुंदीत ही घसरण सुमारे २८ फूट. म्हणून सुरुवातीला काटकोनापेक्षा ३ मिनिटं उत्तरेकडे नेम धरायचा आणि पुढे टाउनशिपच्या दर कोपऱ्यावर सुमारे ६ मिनिटं उत्तरेकडे वळवायचं. बेसलाइन म्हणजे सहा-सहा मैलांच्या सरळ तुकड्यांची माळ. कोपरे अक्षांशावर, मधला भाग जास्तीत जास्त ७ फूट वर.

---

सातबारा

> ८० साखळ्या म्हणजे एक मैल

कागदावर. जमिनीवर काय होतं ते बघा.

कडीच्या साखळीत कड्या आणि जोडरिंगा मिळून सहाशेच्या वर घासणाऱ्या जागा असतात. प्रत्येक जागा इंचाचा शंभरावा भाग झिजली तरी साखळी ६ इंच लांबते. मग ६६ फूट म्हणून मोजलेलं अंतर खरं ६६ फूट ६ इंच. कोपरे लांब पडतात, १६० एकरांच्या क्वार्टरमध्ये जवळजवळ अडीच एकर फुकट येतात. म्हणून पक्क्या पोलादी पट्टीशी साखळी वरचेवर ताडायची असते. चिखलाची गोळी रिंगेत अडकली की उलट होतं, साखळी आखूड.

उतार: ५ टक्के चढावर साखळी जमिनीसरशी टाकली तर मैलामागे साडेसहा फुटांची चूक. पायऱ्या पाडून, साखळी आडवी धरून, टोकाला ओळंबा सोडायचा.

तापमान: पुढे पोलादी पट्ट्या आल्या, झीज गेली, पण पट्टी उणे २० अंशांपासून ३० अंशांपर्यंत गेली तर मैलामागे ३ फुटांचा फरक. दलदलीच्या आणि तळ्यांच्या भागात मुद्दाम हिवाळ्यात, बर्फावरून मोजायचे, म्हणजे हा फरक खराच पडायचा.

आणि मोजदाद. पुढचा माणूस साखळी संपेल तिथे लोखंडी सुई रोवतो, मागचा ती उचलत येतो. दहा सुया झाल्या की एक खूण वहीत. एक सुई गवतात राहिली की चूक एक साखळी, एक खूण राहिली की दहा साखळ्या. जुन्या मोजणीत फरक बरोबर ६६ किंवा ६६० फूट निघाला तर यंत्राला दोष देऊ नका, सुया मोजा.

---

आकारबंद

मूळ लेखात वाटपाचा भाग उडतउडत आलाय, आणि तोच खरा मासलेवाईक आहे. सगळे ३६ सेक्शन वसाहतवाल्यांना नव्हतेच. ११ आणि २९ शाळांसाठी राखीव, ते विकून येणारा पैसा शिक्षणाला. रेल्वेच्या पट्ट्यात विषम नंबर रेल्वेला. कॅनेडियन पॅसिफिकला १८८१ च्या करारात अडीच कोटी एकर कबूल झाले होते. सम नंबर १६० एकरांचा तुकडा घेऊन वसणाऱ्यांना. त्यातून ८ आणि २६ हडसन बे कंपनीला.

परिणाम असा की चांगला सम क्वार्टर घेतला तरी शेजारचा विषम सेक्शन वर्षानुवर्षं रिकामा. शेजारी लांब, शाळा लांब, रस्ता करायला माणसं कमी.

---

सातबारा

छोटी दुरुस्ती: २६ पूर्ण नाही. ८ पूर्ण आणि २६ चा पाऊण. फक्त ज्या टाउनशिपच्या नंबराला ५ ने भाग जातो तिथे २६ पूर्ण.

कारण मुलूख विकतानाच्या करारात कंपनीला सुपीक पट्ट्याचा विसावा हिस्सा कबूल होता. ३६ चा विसावा हिस्सा १.८. चार टाउनशिपांत १.७५ आणि पाचवीत २ दिले की पाच टाउनशिपांत ९ सेक्शन, सरासरी बरोबर १.८. एका कारकुनाने बसून हे जमवलं असणार. त्याला साष्टांग.

---

गोदाकाठ

तांत्रिक भाग छान चाललाय, पण 'माणूस यायच्या आधी चौकटी पाडल्या' हे वाक्य खटकलं. माणसं होती.

रेड नदीच्या काठी मेती लोकांची वस्ती होती, फ्रेंच आणि मूळनिवासी अशा मिश्र वंशाची. त्यांच्या जमिनी नदीला लागून अरुंद पट्ट्या, आत दोन मैलांपर्यंत गेलेल्या. तोंडाशी पाणी आणि घर, मग शेत, मग लाकूडफाटा, आणि त्यामागे आणखी दोन मैलांवर गवत कापायचा हक्क. प्रत्येकाला नदी, प्रत्येकाला शेजारी. या पट्ट्यांवर चौरस ठेवला की एकाचं घर एका सेक्शनमध्ये आणि शेत दुसऱ्यात. नदीकाठ दोघा-तिघांचा, मागचे कोरडे.

११ ऑक्टोबर १८६९ ला, म्हणजे मुलूख कायद्याने कॅनडाच्या ताब्यात यायच्याही आधी, कर्नल डेनिसच्या हाताखालची एक तुकडी आंद्रे नोच्या गवताच्या जमिनीत साखळी ओढत शिरली. मेतींचा पुढारी लुई रिएल आणि त्याचे सोबती साखळीवर पाय देऊन उभे राहिले. मोजणी थांबली आणि रेड नदीचा उठाव तिथून पेटला.

---

मेरिडियन

गोदाकाठ, बरोबर. वाक्य चुकीचं आहे, बदलतो.

भर घालतो: १८६९ ची डेनिसची योजना वेगळ्या मापाची होती. टाउनशिप ९ मैलांची, ६४ सेक्शन, प्रत्येक ८०० एकरांचा. उठावामुळे काम थांबलं, आणि १८७१ ला पुन्हा सुरू झालं तेव्हा अमेरिकेसारखं ६ मैल आणि ६४० एकर हे माप घेतलं. मेतींच्या नदीकाठच्या पट्ट्या मात्र मॅनिटोबात पट्ट्या म्हणूनच मोजल्या गेल्या. विनिपेगच्या नकाशात आजही नदीला काटकोनात निघालेले लांब रस्ते दिसतात, ते त्या पट्ट्यांचे बांध.

---

गोदाकाठ

पट्ट्या वाचल्या, पण पुढचं नाही. १८७० च्या मॅनिटोबा कायद्यात मेती मुलांसाठी १४ लाख एकर राखले होते. वाटप वर्षानुवर्षं रेंगाळलं, दरम्यान जमिनी सट्टेबाजांच्या हातात गेल्या. २०१३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारने हे वचन तत्परतेने पाळलं नाही असा निकाल दिला.

बरेच मेती पश्चिमेला सॅस्केचवान नदीकाठी गेले, पुन्हा पट्ट्या पाडून बसले, आणि पुन्हा चौरस मोजणी येऊन धडकली. १८८५ च्या बातोशच्या (मेती विरुद्ध सरकारी फौज) लढाईमागच्या तक्रारींत ही ठळक होती. रिएलला त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला रिजायनात फाशी दिलं.

मैदानातल्या मूळनिवासी जमातींचं तर वेगळंच. १८७१ ते १८७७ मध्ये सात तह झाले. सरकारच्या लेखी तह म्हणजे जमीन सोडली; अनेक जमातींच्या सांगण्यानुसार जमीन वाटून वापरायचं ठरलं होतं. साखळी चालली ती सरकारच्या अर्थाने.

---

टिपणवाला

इथे आपल्याकडची तुलना टाळता येत नाही. इंग्रजीत दोन्हीला 'सेटलमेंट'च म्हणतात, पण मुंबई इलाख्यात त्याचा अर्थ जमाबंदी (शेतसारा ठरवणं), कॅनडात वसाहत.

१८२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्रज अधिकारी प्रिंगलने दख्खनात निव्वळ उत्पन्नाच्या हिशोबावर आकारणी बसवली. आकडे कागदावर सुंदर, प्रत्यक्षात दर झेपेनात आणि शेतं ओस पडली. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी इंदापूर तालुक्यात नव्याने बसले: जमीन मोजा, मातीची प्रत ठरवा, दर उतरवा आणि ३० वर्षं बदलू नका. पडीक पुन्हा लागवडीखाली आणणं हा उघड हेतू होता, म्हणजे तितक्यापुरती तीही 'वस्ती बसवणं' झालीच.

पण आपल्याकडे बांध आधी, टिपण नंतर. तिकडे टिपण आधी, बांध नंतर.

---

आकारबंद

> आपल्याकडे बांध आधी, टिपण नंतर

नव्वद टक्के मान्य. पण सर्व्हे नंबरही पूर्ण 'सापडलेला' नव्हता. एका बैलजोडीला झेपेल एवढं क्षेत्र हा मापदंड होता: हलक्या जिरायतीत २० एकर, मध्यमला १५, काळ्या जमिनीत १२, भातात ४. याहून लहान धारणा एका नंबरात कोंबल्या. पोटहिस्स्यांची आणि फाळण्यांची पुढची सगळी कटकट तिथूनच.

फरक एवढा की ते माप मातीप्रमाणे बदलत होतं. प्रेरीत १६० एकर म्हणजे १६०, मग ती रेड नदीची काळी माती असो की पॅलिसरने १८५७ ते १८६० च्या पाहणीत शेतीला नालायक ठरवलेला दक्षिणेचा कोरडा त्रिकोण. मोजणीदार फील्डबुकात माती, पाणी, झाडोरा सगळं लिहीत होते. ते वाचून तुकड्याचं माप मात्र कुणी बदललं नाही. कोरड्या भागात १६० एकरांवर कुटुंब जगत नाही हे पुढे दुष्काळांनी दाखवलं.

---

नवशिका

दोन बाळबोध शंका. रस्त्यांची जागा कुठून आली? आणि सेक्शनचा कोपरा जमिनीवर कसा ओळखायचा? प्रेरीत तर ना झाड ना दगड.

---

सातबारा

रस्त्याची जागा सेक्शनच्या ६४० एकरांबाहेर. सुरुवातीला प्रत्येक सेक्शनभोवती दीड साखळी, म्हणजे ९९ फूट. १८८१ पासून एक साखळी, ६६ फूट, आणि पूर्व-पश्चिम रस्ता दर मैलाऐवजी दर दोन मैलांनी. त्यामुळे नव्या पद्धतीची टाउनशिप ४८६ साखळ्या रुंद आणि ४८३ साखळ्या उंच, अगदी चौरस नाही. जुन्या आणि नव्या पद्धतीच्या टाउनशिपा शेजारी आल्या की माप जुळत नाही. आधी कोणत्या सालची मोजणी ते बघायचं.

कोपऱ्याची खूण: लाकडी खुंट, भोवती मातीचा ढीग, आणि ढिगासाठी माती काढलेले चार खड्डे. पुढे लोखंडी खुंट आले. खुंटावर सेक्शन, टाउनशिप, रेंजचे आकडे कोरलेले. नव्या पद्धतीत खूण रस्त्याच्या एकाच बाजूला. दुसरी बाजू ६६ फूट मोजून काढायची. हे न कळल्याने रस्त्याच्या जागेत कुंपण घातल्याची भांडणं होतात.

---

हद्दकायम

हरवलेल्या कोपऱ्याबद्दल लिहितो.

लाकडी खुंट जमिनीच्या पातळीला कुजतो किंवा वणव्यात जळतो. वर काही दिसत नाही, पण खाली कुजलेल्या लाकडाचा काळपट, भुसभुशीत चौकोन राहतो. म्हणून तिथे फावडं मारायचं नाही. माती पातळ थरांनी खरवडत जायचं. खुंट नसला तरी चार खड्डे सापडतात: वरची काळी माती वाहून त्यात भरलेली असते, भोवतीच्या पिवळ्या मातीत ते चार ठिपके उठून दिसतात. त्यांच्या मधोमध कोपरा.

काहीच सापडलं नाही तर जुनं कुंपण आणि जुना रस्ता पुरावा म्हणून तपासायचा. तेही नसेल तर प्रमाणात वाटणी. समजा मधला कोपरा हरवला, दोन्ही बाजूचे शाबूत, वहीत अंतर ८० अधिक ८०, आणि आज प्रत्यक्ष १६०.८० साखळ्या भरतात. तर मधला कोपरा ८०.४० वर. एका टोकापासून ८० मोजून खुंट ठोकलात तर जास्तीची सगळी जमीन एकाच शेजाऱ्याला दिलीत.

खूण सापडली तर मात्र तीच खरी, जुन्या मोजणीदाराने चुकीच्या जागी ठोकलेली असली तरी. नकाशा काहीही म्हणो. आपल्याकडे हद्द कायम करताना 'टिपणाप्रमाणे बसत नाही' म्हणून जुना दगड हलवायची घाई होते, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

---

नवशिका

धन्यवाद! शेवटची शंका. उत्तरेला जाताना करेक्शन लाइनवर नेहमी डावीकडेच वळायचं का?

---

मेरिडियन

मेरिडियनच्या पश्चिमेला असाल तर हो, आधी डावीकडे मग उजवीकडे. सव्वादोनशे फूट साचत साचत चोविसाव्या रेंजच्या आसपास फरक मैलभर होतो, म्हणजे रेषा शेजारच्या सेक्शनच्या रेषेशी जवळपास जुळते आणि वळण दिसतच नाही. पण मुख्य मेरिडियनच्या पूर्वेलाही रेंज मोजल्या आहेत, विनिपेग शहर स्वतः पूर्वेच्या तिसऱ्या रेंजमध्ये आहे. तिथे उलट, आधी उजवीकडे. आणि बरोबर मेरिडियनवरून जाणारा रस्ता या कारणाने वळतच नाही.

२६ नंबरची दुरुस्ती आणि गोदाकाठ यांचा आक्षेप मूळ लेखात घेतो. टिपणवाला, गुणाकार बुकावर (क्षेत्राचे हिशोब असलेल्या जुन्या बुकावर) वेगळा धागा काढा की.